बघूकाकांचा जिना
सोसायटीच्या सेक्रेटरींना सगळी इमारत मागून ‘बघूकाका’ म्हणायची. टाकी गळो, पंप बंद पडो, काका मान डोलावून म्हणायचे, “बघू.” मग कोण कशाला बघतंय! कमिटीच्या बैठकीत तेवढा चहा आला की नाही ते बघितलं जायचं.

लिफ्टचं मात्र काकांनी स्वतः बघितलं होतं. मेकॅनिकने गच्चीवरच्या मशीनरूममध्ये नेऊन तारेच्या दोराचे तुटलेले पदर दाखवले, तेव्हा ते दोन पावलं मागे सरकले.

“लिफ्ट बंद ठेवू का?” मेकॅनिकने विचारलं.

बंद ठेवली तर सगळे अंगावर येणार. काका म्हणाले, “बघू.”

त्या दिवसापासून ते जिन्याने चढू लागले. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, अशी थाप त्यांनी बायकोलाही मारली. तिला खरं सांगणं म्हणजे गावभर दवंडी. पण ती बाहेर जायला चपला घालू लागली, की लिफ्ट खाली पोचल्याचा आवाज येईपर्यंत काका दाराशी कान लावून उभे राहायचे.

आज ते धापा टाकत चढत असताना शेजारून लिफ्ट करकरत वर गेली आणि हिसका देऊन दोन मजल्यांच्या मधेच थांबली.

“कोण आहे आत?”

“अहो, मी!” काकू ओरडल्या. “ही खाली सरकतेय हो! काय झालंय हिला?”

वर दोर कण्हल्यासारखा वाजला. काकांनी लिफ्टच्या दाराची जाळी दोन्ही हातांनी धरली. पण जिभेला लागलेली सवय काही सुटली नाही.

“घाबरू नकोस. बघू.”

आतून काकूंचा आवाज आला, अगदी हळू.

“अहो, म्हणून तुम्ही जिन्याने जाता होय?”