जावेचं तिसरं लेकरू

धाकट्या जावेला तिसऱ्यांदा दिवस गेले, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. सकाळी मी शाळेत जायची साडी नेसत होते आणि अंगणातल्या मोरीवर ती ओकत होती. वणीतलं आमचं घर दोघा भावांचं, मधे एकच अंगण. तिच्या खोल्यांतलं सगळं आमच्याकडं ऐकू येतं. आमच्याकडून तिकडं ऐकू जाण्यासारखं काही नसतं. निऱ्या हातात धरून मी उभी राहिले आणि माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. बायका सोन्यावर जळतात, साडीवर जळतात. मी ओकारीवर जळले.

का नाही जळणार? नागपूरच्या खेपा मी घातल्या. पोटाला सुया मी टोचून घेतल्या. प्रत्येक वेळी पडून राहिले, श्वास जपून घेतला, आणि प्रत्येक वेळी सगळं पाण्यात. हिनं मात्र त्रास होतो म्हणून कॉपर-टी काढली काय आणि लगेच राहिलं काय! पदरात आधीच एक मुलगा, एक मुलगी. समोरच्या खोलीत तिनं ब्यूटी पार्लर टाकलं होतं आणि ते नुकतं कुठं चालायला लागलं होतं. दीर कोळशाच्या ट्रकवर, चार दिवस घरी तर चार दिवस बाहेर.

संध्याकाळी ती माझ्या स्वयंपाकघरात आली आणि दाराला टेकून म्हणाली, "ताई, मले हे नाई पाह्यजे."

"काहून?"

"नाई पाह्यजे, बस. दोन हायेत. यायले सांगतलं तर हे म्हणते, तुह्यं तू पाय."

मी भाकरी थापत होते, थापतच राहिले. भरल्या ताटावरून उठावं तशी ही उठत होती आणि कारण द्यायचीही तिला गरज वाटत नव्हती. मी मूल हवं म्हणताना किती जणांना कारणं दिली होती! डॉक्टरांना, नवऱ्याला, देवाला. मी तिला म्हटलं, "तुले पटते ते कर." आवाज असा निघाला की ती मुकाट्यानं परत गेली.

सासूबाईंना काही सांगावं लागत नाही, त्यांना वासावरून कळतं. त्यांच्या मनानं भलतंच घेतलं. आमच्या सासरकडं एक रीत आहे. एका जावेला नको इतकी आणि दुसरीला एकही नाही, असं झालं की पोटातलं लेकरू ओटीत घालतात. दोघींना पाटावर बसवायचं, पोटुशीची ओटी भरायची आणि तिच्या पदरातला नारळ उचलून दुसरीच्या पदरात टाकायचा. चार बाया साक्षीला. मग बाळंत ती होते आणि आई ही. सासूबाईंनी शुक्रवारी गल्लीतल्या बायका हळदी-कुंकवाला म्हणून बोलावल्या आणि आम्हां दोघींना शेजारी शेजारी बसवलं. तिला विचारलं नाही, मलाही नाही. विचारायचं असतं हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. त्यांना वाटलं, एकीचं ओझं उतरते, दुसरीचं घर भरते, यात विचारायचं काय?

बायकांसमोर ती काय बोलणार! ती गोठ्यातल्या गाईसारखी बसून राहिली. नारळ माझ्या पदरात पडला तेव्हा मला इतका आनंद झाला की तिच्याकडं बघायचंही सुचलं नाही. खोलीत जाऊन मी दाराला कडी घातली आणि तो नारळ मांडीवर घेऊन बसले. हसा खुशाल. बसले.

दुसऱ्या दिवशी शाळेत बातमी माझ्या आधी पोचली होती, कारण शेजारीण आमच्याच शाळेत शिकवते. मधल्या सुट्टीत चहावर तोच विषय. एक सर म्हणाले, या गर्भपाताच्या कायद्यानं बायका सोकावल्या, जिवाची किंमत राहिली नाही. गणिताच्या मॅडम फणकारल्या, "मग तुमी वागवा न सर नऊ महिने! अन् सोनोग्राफीत पोरगी दिसली म्हणून पाडत होते तवा कुठं गेलता तुमचा जीव?" सर म्हणाले, ते वेगळं. मॅडम म्हणाल्या, वेगळं कसं, तेव्हा सासू ठरवायची आणि आता बाई ठरवते, एवढंच वेगळं. मग त्यांचं लक्ष माझ्याकडं गेलं आणि सगळे एकदम म्हणाले, "पेढे कधी?" मी हसले. पेढ्यांचा विचार मी रात्रीच करून ठेवला होता.

चौथ्या-पाचव्या दिवशी जाऊ पुन्हा आली. एकटीच सरकारी दवाखान्यात जाऊन आली होती. तिथल्या डॉक्टरबाईंनी तिला नीट सांगितलं होतं, सुरुवातीचे दिवस आहेत, गोळ्यांवर होईल, तुम्ही सज्ञान आहात, तुमची एकटीची सही पुरे, नवऱ्याची लागत नाही.

"मग झालं तं," मी म्हटलं. "मले कायले सांगून राह्यली?"

"गोळ्या भेटतीन ताई. पण आता ते माह्यं राह्यलं नाई न. मी गोळी खाल्ली तं आई म्हणतीन, मोठीचं लेकरू मारलं. गल्ली म्हणन. याच घरात राहाचं हाय मले." ती जमिनीकडं बघत होती. "ओटीत घातलेलं घेणारीनंच परत केलं तं फिटते म्हणते. दुसरं कोणी नाई करू शकत."

माझ्या तोंडातून ते वदवून घ्यायला आली होती ही! माझ्या!

तिनं मग मान वर केली. "अन् समजा ठेवलं. याच अंगणात ते रांगन. पडलं तं मी धावीन, तुमी रागावल्या तं मी धावीन. मले थांबता येईन का? अन् ताई, भूक लागली, ताप आला, तं ते कोणाकडं धावत येणार?"

ती गेली आणि तो प्रश्न माझ्या घरात राहिला. मला दिसायला लागलं. तिच्या गालावरची खळी त्या पोराच्या गालावर. माझ्या कडेवरून तिच्या दाराकडं पुढं केलेले हात. गल्लीतल्या बायका कौतुकानं म्हणणार, वाढवलं हिनं, पण आई ती आई. म्हणजे माझ्या मांडीवरचं पोरही तिचंच! देणारी ती, दानशूर ती, आणि मी जन्मभर घेणारी. छे! न मिळालेल्या पोराशी मी तेवढ्यातच भांडून घेतलं होतं.

सकाळी मी शेजारच्या दोघींना साक्षीला हाक मारली, देवासमोर नारळ जावेच्या पदरात टाकला आणि म्हटलं, "मले नाई पाह्यजे."

सासूबाई ओरडल्या, "मोठे, डोक्शावर पडली का व? घरी चालत आलेलं कोणी धुडकावते?"

"मले नाई पाह्यजे, आई." एवढं खोटं वाक्य मी आयुष्यात बोलले नव्हते.

त्या भिंतीला धरून खाली बसल्या आणि रडल्या. रडल्या त्या माझ्यासाठी, हे मला दिसत होतं आणि ते सोसवत नव्हतं. बऱ्याच वेळानं डोळे पुसून म्हणाल्या, "तिले म्हणा, दवाखान्यातच जा. आमच्या येळी एक होती, माह्याच वयाची. सुईणीनं काडी घातली. तिसऱ्या दिवशी गेली. कायदा म्हणे तवाही होता, आमाले कोणं सांगतलं?"

दवाखान्यात मी तिच्यासोबत गेले. एक गोळी तिथंच, बाकीच्या दोन दिवसांनी. कळा येतील, रक्त जाईल, फार गेलं तर लगेच या, नंतर तपासायला या. बाकीच्या गोळ्या घेतल्या त्या दिवशी तिच्या पोरांना मी जेवू घातलं, गरम पाण्याची पिशवी भरभरून दिली, तिचे कपडे धुतले. ती कण्हत होती आणि मला त्या कण्हण्याचाही हेवा वाटत होता, कारण तिच्या अंगात निदान काही घडत होतं. वर गल्लीतल्या बायका म्हणत होत्या, केवढं मोठं मन! नवराही म्हणाला. मला नुसता संताप येत होता.

बरी झाल्यावर जाऊ आली आणि माझ्या पायाशी वाकली. "ताई, तुमचे उपकार..."

मी पाय मागं घेतले. "उपकार-बिपकार काही नाई. मले तुह्यं नव्हतं पाह्यजे. मले माह्यं पाह्यजे."

ती खालीच बसून राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "मले ठाऊक होतं ताई. म्हणूनच तं तसं इचारलं तुमाले, कोणाकडं धावत येणार म्हणून."

माझ्या मनातलं हिनं माझ्या आधी वाचलं होतं. अवो माय, हेही हिलाच जमावं!