गार्ड काढून किती?

जुनी मशिनं घेता-विकता एक गोष्ट कळली. गिऱ्हाईक मशीन टेम्पोत टाकून नेतं, किस्सा मात्र शेडमध्येच सोडून जातं. मशीन निदान भंगारात तरी खपतं. किश्शाला तोही भाव नाही!

माझी शेड तळवलीत. लाकूड कापायची जुनी टेबल सॉ, म्हणजे मिस्त्री लोकांच्या भाषेत कटर मशिनं, ओळखायची, घ्यायची, नीट करून विकायची हा माझा धंदा. शिकवलं कुणी नाही, फसत फसत शिकलो. उरलेलं नामदेव मिस्त्रींनी शिकवलं. मिस्त्री तळवलीचेच. शेती गेल्यावर फर्निचरच्या कारखान्यात लागले आणि डाव्या हाताची दोन बोटं तिथेच ठेवून आले. गेल्या वर्षी त्यांच्या जावयाने, विलासने, नोकरी सोडून उलव्यात किचन ट्रॉल्यांचं वर्कशॉप टाकलं. तेव्हापासून मिस्त्रींना एकच घोर. "शेठ, त्यांना आपन स्वतः कटर बनवून द्यायचा हाय. पोरगी दहा बोटांच्या मानसाला दिलीय, दहाच राहू देत."

* * *

खांदेश्वरहून एका रिटायर्ड गृहस्थांचा फोन आला. "इंग्लंडचं मशीन आहे, अँटिक! पितळी प्लेट आहे त्यावर."

गेलो. प्लेट खरोखरच विलायती, झळझळीत. मिस्त्रींनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पान्याने बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या टेबलावर टकटक केलं, आवाज ऐकला. पोलादी पट्टी आडवी-तिरकी ठेवून टेबलाची सपाटी बघितली. मग अंगठ्याने प्लेटचे स्क्रू चाचपले.

"स्क्रू कालचे हायेत, शेठ. प्लेट लंडनची, मशीन लुधियानाचा. पन टेबल एकदम सपाट हाय. जावयांना हाच घेऊ."

गृहस्थ जराही ओशाळले नाहीत. "मशीन लोकल धरा की! पण प्लेट तर ओरिजिनल आहे ना? तिचे वेगळे किती देता?"

दिले. वेगळे दिले! ती प्लेट सध्या कुठल्या मशीनवर आहे, ते मात्र विचारू नका.

* * *

कोपरखैरण्याचे दोघे भाऊ. वडील सुतार होते, वारले, त्यांचं मशीन विकायचं होतं. फोटोत जुनं-काळपट दिसत होतं, पण वस्तू अव्वल. मी मनात चांगला भाव धरून गेलो.

बघतो तर टेबल चांदीसारखं चमकतंय!

"तुम्ही येणार म्हणून ग्राइंडर मारला, काका," धाकटा म्हणाला. "बाबा त्याच्यावर चहाचा कप ठेवू द्यायचे नाहीत. आम्ही बघा, एका दिवसात आरसा केला!"

मिस्त्रींनी पट्टी ठेवली. पट्टीखालून उजेड दिसला. इकडून दिसला, तिकडून दिसला. टेबलाला सगळीकडे खळगे. अशा टेबलावर फळी सरळ सरकणारच नाही.

"भाव किती?" थोरल्याने विचारलं.

"तुमच्या बाबांचा येगळा होता," मिस्त्री म्हणाले. "तुमचा किलोवर."

* * *

मशीन अपग्रेड करायचं म्हणजे काय? नवी बेअरिंगं, चांगली मोटर, हाताशी लाल बटण. मिस्त्रींचं अपग्रेड मात्र गार्डपासून सुरू होतं. पात्यावर अ‍ॅक्रिलिकचं झाकण आणि मागे एक पट्टी, लाकूड चिमटून उलटं अंगावर येऊ नये म्हणून. प्रत्येक मशीनला ते स्वतः बनवतात. आणि प्रत्येक गिऱ्हाईकाचा पहिला प्रश्न: "गार्ड काढून किती?"

एकदा एक कंत्राटदार अडूनच बसला. "गार्डमुळे काम स्लो होतं. आमची पोरं एक्स्पर्ट आहेत." मग त्याचं लक्ष मिस्त्रींच्या हाताकडे गेलं. "अरे, तुमच्या बोटांना काय झालं?"

"मी पन एक्स्पर्ट व्हतो."

कंत्राटदार पोट धरून हसला. मिस्त्रींना टाळी दिली आणि मशीन बिनगार्डाचं घेऊन गेला. मी दिलं. नाही दिलं तर शेजारचा देतो, हे मी स्वतःला नेहमी सांगतो. शेडच्या कोपऱ्यात आज अशा गार्डांची चळत माझ्या कमरेपर्यंत आली आहे.

* * *

आयुष्यात एकच गिऱ्हाईक असं भेटलं ज्याने स्वतःहून गार्ड मागितला.

बेलापूरला कॅफे काढणारी इंटिरियरवाली मॅडम. जुन्या कटरचं कॉफी टेबल करायचं होतं. "मोटर नको, वायर नको. पातं राहू दे, व्हिंटेज फील येतो. पण वर गार्ड मस्ट! लहान मुलं येतात, सेफ्टी पाहिजे."

मिस्त्रींनी मोटर उतरवली, गार्ड बसवला, झाकण पुसून दिलं. टेम्पो गेल्यावर म्हणाले, "मेलेल्याला हेल्मेट घातला, शेठ!"

मोटर मात्र झकास होती. ती विलासच्या मशीनला गेली.

* * *

विलासचं मशीन मिस्त्रींनी दोन महिने बनवलं. गार्डला चार बोल्ट पुरतात, त्यांनी सहा मारले. मशीन उलव्याला पोचलं, चालू झालं. पुढे मिस्त्री दर दोन दिवसांनी फोन करायचे. "जावईबापू, गार्ड हाय ना?" तिकडून उत्तर यायचं, "आहे ना बाबा, टेन्शन नका घेऊ."

दसऱ्याला आम्ही दोघं उलव्याला गेलो. शटर अर्धं वर, आत उदबत्तीचा वास. मशीन पुसून लख्ख, हळदकुंकू लावलेलं, झेंडूची माळ. आणि पात्यावर गार्ड! सहाच्या सहा बोल्ट जागेवर. अ‍ॅक्रिलिकवर एक ओरखडा नाही.

मिस्त्रींचा चेहरा असा फुललेला मी कधी बघितला नव्हता. गार्डावरून तो अर्धा हात फिरवत म्हणाले, "काय शेठ, बोललो व्हतो ना? माझा जावई शहाना हाय."

विलासने वाकून नमस्कार केला, आपट्याचं पान दिलं. पेढ्याचा बॉक्स पुढे करत हसत म्हणाला, "सकाळीच बसवला, बाबा. वर्षातनं एक दिवस तरी देवापुढे मशीन फुल सेट दिसायला नको? उद्या काढतो. मोठी ऑर्डर आहे."

मिस्त्रींनी पेढा घेतला. खाल्ला. हात रुमालाला पुसला.

"काढाल तवा मेन बंद करा, जावईबापू," ते म्हणाले.