आधी धुराडं बघणाऱ्या काकू

शेजारच्या काकू कुणाच्याही घरी गेल्या की आधी चुलीवरचं धुराडं बघायच्या. तिथं काजळीची जळमटं दिसली की लगेच झाडू मागायच्या. "ठिणगी उडाली, मंग?"

ताईसाठी कुंभार पिंपळगावचं घर बघायला गेलो, तेव्हा नात्याच्या नसूनही काकू संगं आल्त्या. तिथं चुलीशेजारीच आढ्यापर्यंत कापूस भरलेला आणि धुराड्यात जळमटं लोंबत होती. आम्ही जमीन, विहीर विचारत बसलो. काकू चहा सोडून शिडीवर चढल्या. वडिलांनी शरमेनं मान खाली घातली.

धुराडं मोकळं करून काकू काळ्यामिट्ट होऊन उतरल्या. "कापूस दुसरीकडं हलवा. मंगच आमची पोरगी देऊ."

मुलाची आई भडकली. "ही बाई कोण तुमची?"

वडिलांनी मान वर केली. "थोरली बहीण हाय माझी."