मामाजींचा मुक्काम

माझे सासरे दिवसा इतके हळू बोलत की जबलपूरच्या रांझी भागातल्या बाजारात भाजीवाला हमखास विचारी, "क्या बोले बाबूजी?" मग ते तेच वाक्य आणखी हळू म्हणत. भाजीवाला अंदाजाने काहीतरी तोलून देई आणि मामाजी ते मुकाट्याने घरी आणत. त्यामुळे आमच्याकडे दुधी फार शिजला. हाच माणूस झोपला की मात्र समोरच्या ओळीतल्या घरांनाही कळे की मामाजी झोपले.

आमच्या विदर्भाकडच्या घरांत सासऱ्यांना मामाजी म्हणतात. मी लग्न होऊन अकोल्याहून जबलपूरला आले तेव्हा ते फॅक्टरीत नोकरीला होते आणि आम्ही फॅक्टरीच्याच क्वार्टरमध्ये राहत होतो. मला पोचवायला माझा भाऊ आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "इथं जवळपास पिठाची गिरणी आहे का?" मी म्हटलं, असेल. नव्या नवरीने सासऱ्यांबद्दल आणखी काय सांगायचं?

सकाळी चहा घेताना मामाजी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत. "झोप झाली ना?" विचारताना ते आमच्याकडे बघत नसत, कपातला चहा ढवळत. साखर केव्हाच विरघळलेली असे. सगळे म्हणत, "हो, छान झाली." कोणी उत्तर द्यायला जरा वेळ लावला तर तेच घाईने म्हणत, "हवा बदलून राहिली. अशानं नाही लागत झोप." त्या घरात बाराही महिने हवा बदलत असे. घोरणं हा शब्द मात्र कोणी उच्चारत नसे.

सासूबाईंचं म्हणणं वेगळं होतं. त्या मला एकदा भाजी निवडताना म्हणाल्या, "आवाज चालू आहे तोवर मला काही त्रास नाही. थांबला की मी उठते." नवऱ्याच्या आवाजाची सवय झालेल्या बायका असं बोलतातच, असं मला तेव्हा वाटलं.

मामाजींना दिवसा झोप येई, तीही कुठेही. न्हाव्याकडे दाढी करताना येई, जेवताना वरण वाढून होईपर्यंत येई. एकदा रिछाईच्या बाजूला रेल्वे फाटकापाशी ते स्कूटरवर बसल्या बसल्या झोपले. गाडी गेली, फाटक उघडलं, दोन्ही बाजूंनी ट्रक आणि सायकली निघून गेल्या, आणि हे मधोमध पाय टेकून बसलेले. शेवटी फाटकवाल्याने खांद्याला हात लावून उठवलं. घरी येऊन त्यांनी स्कूटरची किल्ली माझ्या नवऱ्याच्या, सुधीरच्या, हातात दिली. म्हणाले, "तू चालव. मला सायकल बरी वाटते." कारण सांगितलं नाही. फाटकवाला आमच्याच गल्लीत राहत होता म्हणून आम्हाला कळलं.

ते कोणाच्याही घरी मुक्काम करत नसत. त्याचं कारण एका लग्नात होतं. बालाघाटकडे नात्यातलं लग्न होतं, वऱ्हाड एका शाळेत उतरलं होतं. मामाजी बाकीच्या पुरुषमंडळींबरोबर वर्गात झोपले. वऱ्हाड्यांनी आधी त्यांची खाट वऱ्हांड्यात नेली, मग मैदानात, मग पार विहिरीपाशी. मामाजींना जाग आली तेव्हा वर कडुनिंब होता आणि गावातल्या बाया पाणी भरत होत्या. त्यांनी खाट उचलून जागेवर ठेवली, अंथरूण गुंडाळलं आणि सगळ्यांना सांगितलं, "बाहेर हवा छान होती." वऱ्हाडी हसले, तेही हसले. त्यानंतर मात्र ते कोणत्याही लग्नाला सकाळी जात आणि संध्याकाळच्या बसने परत येत. ज्या गावाहून संध्याकाळची बस नसे, तिथे आहेर पाठवून देत.

त्यांची मुलगी मंजू लग्न होऊन नागपूरला गेली. नागपूर काही संध्याकाळी परत येण्याच्या अंतरावर नाही. मामाजी मुलीकडे जात, दिवसभर राहत, नातवाला फिरवत, जेवत आणि रात्री उठत. म्हणत, "माझा एक जुना मित्र आहे इथं. त्याच्याकडे झोपतो. त्याला वाईट वाटते नाहीतर." सकाळी आंघोळ करून, स्वच्छ कपड्यात पुन्हा हजर. या मित्राची आम्हाला फार वर्षं माहिती होती. तो विधुर होता, त्याला मूलबाळ नव्हतं आणि तो स्वभावाने भिडस्त असल्यामुळे कोणाकडे येत-जात नसे. मंजू त्याच्यासाठी दिवाळीचा फराळही देई.

एकदा जावई कोणाला तरी उतरवून घ्यायला भल्या सकाळी स्टेशनवर गेले. वेटिंग रूमच्या नळावर त्यांना सासरे दात घासताना दिसले. मामाजींनी गडबडून "ये हमारे दामाद" अशी ओळख करून दिली, तेव्हा तिथला सफाईवाला आपुलकीने म्हणाला, "अच्छा, बाबूजी आपके ससुर हैं? ये जब आते हैं ना, यहाँ चोरी नहीं होती. कोई सोता ही नहीं." मंजूने दिलेला फराळाचा डबा त्या सफाईवाल्याच्याच कोनाड्यात होता.

मंजू पुढच्याच आठवड्यात जबलपूरला आली. दुपारची वेळ होती. तिने पिशवीसुद्धा आत नेली नाही, दारातच ठेवली आणि वडिलांसमोर बसली.

"बाबा, माझ्या घरात असं काय आहे की तुम्ही बाकावर झोपता? लोक काय म्हणून राहिले माहीत आहे? म्हणे बापाला घरात घेत नाही."

"तसं नाही बेटा."

"मग कसं आहे? माझी सासू काही बोलली? हे काही बोलले?"

"नाही, नाही. भले लोक आहेत." मामाजींनी उठून दारातली पिशवी आत ठेवली. मग म्हणाले, "घर लहान आहे. तुझ्या सासूला हार्टचा त्रास. जावई सकाळी ड्यूटीवर जातात. मी झोपलो की सगळं घर जागते. ते तोंडानं काही म्हणणार नाहीत, पण मनात राहते. मी पाहिलेलं आहे."

"राहू द्या ना मनात! मी तर लहानपणापासून त्या आवाजातच झोपली."

"तू शिकली. त्यांनी काहून शिकायचं?"

मंजू रडायला लागली. सासूबाई पाणी घेऊन आल्या आणि पेला हातातच धरून उभ्या राहिल्या. जाताना मंजू म्हणाली, "आता याल तर झोपायला या. नाहीतर येऊ नका." ती तशी तापट नव्हती, म्हणून ते सगळ्यांना जास्त लागलं. मामाजी तिला सोडायला बस स्टँडपर्यंत गेले. परत येऊन चप्पल काढता काढता म्हणाले, "यावर काहीतरी उपाय करावा लागते." कशावर, हे विचारायची गरज नव्हती.

जन्मभर फॅक्टरीत यंत्रं दुरुस्त केलेला माणूस तो. आता तो स्वतःला दुरुस्त करायला लागला. कोणीतरी सांगितलं म्हणून झोपताना नाकात तूप सोडून पाहिलं. त्याने उशा तुपकट झाल्या. मग कळलं की डोक्याची बाजू उंच हवी. त्यांनी पलंगाच्या पायांखाली विटा घातल्या, स्पिरिट लेव्हल लावून दोन्ही बाजू सारख्या केल्या आणि समाधानाने झोपले. सकाळी ते पायथ्याशी गोळा होऊन सापडले. सासूबाई त्यांच्याही खाली होत्या.

उताणं झोपू नये, कुशीवर झोपावं, असं फॅक्टरीतल्या कंपाउंडरने सांगितलं. कुशीवर झोपले की आवाज खरंच कमी होई, पण झोपेत ते पुन्हा उताणे होत. म्हणून मी मशीनवर त्यांच्या बनियनला पाठीकडे खिसा शिवला आणि त्यात रबरी चेंडू घातला. सुनेने सासऱ्यांच्या बनियनला चेंडू शिवावा, असं आमच्या दोन्ही घराण्यांत पूर्वी झालेलं नसावं. "पक्का शिव बेटा," एवढंच ते म्हणाले. तो उपाय बऱ्यापैकी चालला. मात्र एका रविवारी ते तेच बनियन घालून ओसरीत पेपर वाचत बसले आणि भेटायला आलेल्या गृहस्थांनी जाताना सुधीरला हळूच विचारलं, "पाठीला गाठ कब से है? दिखाया कहीं?"

औषधाच्या दुकानदाराने झोपेच्या गोळ्या दिल्या. गाढ झोप लागली की माणूस घोरत नाही, असं त्याचं मत होतं. त्या गोळ्यांनी आवाज इतका वाढला की सासूबाईंनी तिसऱ्याच दिवशी पाकीट लपवलं. मामाजींनी रात्रीचा भात सोडला आणि सकाळी पायी फिरायला लागले. पोट उतरलं, पँट्स कमरेत आत घ्याव्या लागल्या. आवाजही थोडा उतरला. समोरच्या ओळीतल्या काकू कौतुकाने म्हणाल्या, "आजकाल दादा घरी नसतात का?" पण मामाजींचं समाधान होईना. "पूर्ण बंद व्हायला पाहिजे," ते म्हणत. "थोडं कमी म्हणजे काय? थोडा कमी चोर."

शेवटी सुधीरने त्यांना सिव्हिल लाइन्समधल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. सासूबाई आणि मीही गेलो. डॉक्टरांनी घसा तपासला, वजन विचारलं, दिवसा झोप येते का विचारलं. मामाजी म्हणाले, "कधीमधी." तेव्हा सासूबाई मध्येच बोलल्या, "आवाजाचं काही नाही डॉक्टरसाहेब. तो थांबते, त्याचं सांगा."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "थांबतो म्हणजे? कितनी देर?"

"मी हलवेपर्यंत."

"रोज हलवता?"

"रोजच. एका रात्रीत पुष्कळदा. हलवलं की मोठ्यानं श्वास घेतात अन् मग चालू होते."

"और अगर आपने नहीं हिलाया तो?"

सासूबाईंना प्रश्नच कळला नाही. त्या म्हणाल्या, "असं कधी झालं नाही."

डॉक्टरांनी मग समजावून सांगितलं. झोपेत यांचा घसा मिटतो, श्वास अडतो, आणि झोप अर्धवट मोडते. ते यांना आठवतसुद्धा नाही, पण रात्रभर हेच चालल्यामुळे माणूस दिवसा पेंगतो. हृदयावरही ताण पडतो. वजन उतरवलं ते चांगलं केलं, कुशीवर झोपणंही चांगलं, पण झोपेच्या गोळीला पुन्हा हात लावायचा नाही आणि झोपेची तपासणी करायची. येताना रिक्षात मामाजी सासूबाईंकडे बघत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "म्हणजे तुझी झोप कधी झालीच नाही." सासूबाई म्हणाल्या, "दुपारी झोपते ना मी."

तपासणी नागपूरला झाली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कोणीतरी घोरण्यासाठी बोलावलं होतं. डोक्याला, छातीला वायरी लावून त्यांना एका खोलीत झोपवलं. सकाळी त्यांनी तिथल्या सिस्टरला विचारलं, "तुम्हाला त्रास तर नाही झाला?" ती म्हणाली, "बाबा, आमचं कामच आहे ते." हे वाक्य त्यांनी पुढे कित्येक दिवस सगळ्यांना ऐकवलं. "त्यांचं कामच आहे म्हणे," असं ते एखाद्या संताबद्दल बोलावं तसं बोलत.

तपासणीनंतर मशीन आलं. एक लहानशी पेटी, तिला नळी, नळीला नाकावर बसवायचा मास्क. त्यातून हवा सतत आत जाते आणि घसा मिटत नाही. पहिले काही दिवस मामाजी झोपेत मास्क काढून फेकत. मग त्यांनी पट्ट्याला आतून फ्लॅनेल शिवून घेतलं, हवा कुठून निसटते ते शोधलं, पट्टा नेमका आवळला, आणि घर एकदम शांत झालं. आता सासूबाईंनाच झोप येईना. त्या उठून नळीवर हात ठेवत, हवा चालू आहे ना ते बघत आणि पुन्हा आडव्या होत. मामाजी दिवसा जागे राहायला लागले, आणि जागे मामाजी आम्हाला नवीन होते. त्यांना मतं होती. सुधीरचं बँकेत पैसे ठेवणं त्यांना पटत नव्हतं. माझ्या पोळ्या जाड होत्या, आणि त्या पहिल्यापासूनच जाड होत्या म्हणे.

मग त्यांनी मंजूला फोन केला. "मी येऊन राहिलो," म्हणाले. "झोपायला."

मंजूने घरात सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. तिच्या सासूबाई खबरदारी म्हणून कानात कापूस घालून झोपल्या. सकाळी त्या कापूस काढायला विसरल्या, त्यामुळे चहाच्या वेळी सगळ्यांना ओरडून बोलावं लागलं. मामाजी तीन दिवसांसाठी गेले होते, पंधरा दिवसांनी आले. पुढे दर उन्हाळ्यात जायला लागले. मशीनची पिशवी ते कोणाच्या हातात देत नसत, रेल्वेत मांडीवर घेऊन बसत. एका वर्षी बालाघाटलाही मुक्कामाला जाऊन आले. तिथे लग्न नव्हतं, काही काम नव्हतं. उगीच गेले होते.

शेवटचा उन्हाळा त्यांना मानवला नाही. मंजूकडेच कावीळ झाली, ती बळावत गेली. सासूबाई, सुधीर आणि मी धावत गेलो. मंजूने रात्रंदिवस सगळं केलं, कोणाला हात लावू दिला नाही. त्यांना पेज भरवताना ती रागवत होती आणि ते ऐकत होते. एका दुपारी ते गेले. सासूबाईंचा हात त्यांच्या छातीवर होता. त्यांनी मामाजींना एकदा हलवलं, मग पुन्हा एकदा, आणि मग हात तिथेच ठेवून बसून राहिल्या.

तेरवी रांझीच्या घरी झाली. फॅक्टरीतली जुनी माणसं आली होती. त्यांतले एक वयस्कर गृहस्थ मंजूजवळ बसून हळहळले, "शेवटी परगावी गेला माणूस. आपल्या घरी असता तर बरं झालं असतं."

मंजू पत्रावळी मोजत होती. तिने मान वर न करता म्हटलं, "परगावी काहून, काकाजी? घरीच तर होते."