चंद्रकळेच्या भिंती

गोरखपूर मोहल्ल्यातल्या त्या घराच्या दिवाणखान्यात भर दुपारी पाऊल टाकलं की डोळे मिटून घ्यावेत, इतक्या भिंती पांढऱ्या. दर दसऱ्याला बापूसाहेब स्वतः उभे राहून चुन्याचे दोन हात देववून घेत आणि त्यात चिमूटभर नीळ टाकवत. रेल्वेतून निवृत्त झालेल्या माणसाला काहीतरी छंद लागतोच, त्यांना चुन्याचा लागला. त्यांच्या धाकट्या भावाची विधवा सत्यभामा हिला मात्र भांडणाचा छंद आहे, असं ते म्हणत. हे काही खरं नव्हतं. ती भांडत नसे, फक्त ऐकत नसे.

भांडायची सोयच कुठे होती? थोरल्या दिरासमोर, म्हणजे भासऱ्यासमोर, तोंड उघडायचं नाही, ही त्या घरची रीत. अठरा वर्षं ती दाराआडून बोलत आली. ती जाऊबाईंना, म्हणजे बापूसाहेबांच्या बायकोला सांगायची, “त्यांना सांगा,” आणि इंदूबाई तेच वाक्य चार हातांवर उभ्या असलेल्या नवऱ्याला पुन्हा सांगायच्या. उत्तरही त्याच वाटेनं परत यायचं.

सत्यभामेचा नवरा शरच्चंद्र तोफगाड्यांच्या कारखान्यात कारकून होता. पण त्याचा जीव कारखान्यात नव्हता, फोटोत होता. सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन निघायचा तो अंधार पडल्यावरच घरी यायचा. काचेच्या लहान चौकोनी पट्ट्यांवर तो चित्रं उतरवायचा आणि रात्री परसात टांगलेल्या चादरीवर जादूच्या कंदिलातून ती मोठी करून दाखवायचा. पत्र्याची पेटी, आत रॉकेलचा दिवा, पुढे पितळी नाकाडं, असा तो कंदील. लग्न होऊन अमरावतीकडून आलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीला त्यानं आधी स्वयंपाकघर दाखवलं नाही, काचा धुवायला शिकवलं. काच खिडकीशी धरून तो विचारायचा, “काळं कुठं आहे, सांग.” उजेड काय कुणालाही दिसतो, चित्र काळ्यावर उभं राहतं, असं त्याचं म्हणणं होतं. पाच वर्षांपूर्वी तापानं तो गेला आणि साठ काचा मागे राहिल्या.

छत्तीस सालच्या तुळशीच्या लग्नाला बापूसाहेबांनी पाहुणे जमवले आणि सत्यभामेकडून कंदील लावून घेतला. चादरीवर जे पडलं ते ताकासारखं होतं. भेडाघाटचे खडक आणि खालचं पाणी एकाच रंगाचं. माणसांचे नुसते चेहरे तरंगत होते, त्यांना ना केस ना अंगरखे. पाहुणे जांभया देऊ लागले. बापूसाहेब हसून म्हणाले, “आमच्या शरदचं काम जरा फिकंच होतं.”

सत्यभामा दाराआड उभी होती. मेलेला माणूस उत्तर द्यायला येत नाही, हे ठाऊक असल्यावर लोकांच्या जिभेला किती धीर येतो, हे तिला त्या दिवशी कळलं.

पुढच्याच आठवड्यात हुकूम निघाला. देव्हाऱ्याला नवी जाळीची दारं करायची होती आणि त्या जाळीत बसवायला लहान चौकोनी काचा हव्या होत्या. त्या काचा तर घरातच होत्या. गरम पाण्यात सोडा टाकून घासल्या की चित्र निघून जाईल. सुतार संक्रांतीनंतर येणार होता. देवाचं नाव पुढे केलं की बाईमाणसानं गप्प बसायचं असतं.

ती गप्प बसली आणि कामाला लागली. आधी वात वाढवली. पेटीतून धूर निघाला, उजेड वाढला, पण चित्र होतं तसंच पांढुरकं. मग चादर खळ घालून धुतली, तर ताकाचं दूध झालं. इंदूबाई म्हणाल्या, “काहून जीव जाळून राहिली तू? नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणतील लोक.”

“म्हणू द्या.”

काच खिडकीशी धरली की काळं कोळशासारखं काळं दिसे. म्हणजे काचेत खोट नव्हती. मग काळं जात होतं कुठे?

मार्गशीर्षात थंडी वाढली. दिवाणखान्याच्या उजव्या दाराच्या फटीतून वारा येऊन दिवा फडफडू लागला, म्हणून तिनं तिथं काळी घोंगडी टांगली. काच घातली आणि ती थबकली. चादरीची उजवी कड गहिरी झाली होती. त्या कडेच्या पाण्याला खोली आली होती. तिनं घोंगडी काढून डावीकडे धरली, तर गहिरेपणा डावीकडे गेला. ती तिथंच खाली बसली. कंदील काळं टाकतच नाही. जिथं उजेड पोचत नाही ते काळं. आणि इथं चादरीवरचा उजेड उलटून पांढऱ्या भिंतींवर जात होता आणि भिंती तो सगळा पुन्हा चादरीवर फेकत होत्या. नवऱ्याचं काळं भासऱ्यांच्या चुन्यात बुडालं होतं. अंगण खरोखरच वाकडं होतं.

“त्यांना सांगा,” ती जाऊबाईंना म्हणाली, “तीन भिंतींना काळपट रंगाचा एक हात द्यायचा आहे.”

उत्तर तिला दाराआडून सरळच ऐकू आलं. “अच्छा, आता भिंतींना काळं फासायचं? घर आहे का भटारखाना? म्हणावं, घराला एक काळं लागलंय तेवढं पुरे.”

इंदूबाईंनी हे उत्तर पोचवलं नाही. नवऱ्याचा निरोप गिळण्याची ही त्यांची पहिलीच वेळ. सत्यभामेच्या कपाळाकडे बघून त्या एवढंच म्हणाल्या, “आता काय करतेस?”

“संक्रांतीला हळदीकुंकू याच खोलीत आहे ना?”

“मंग?”

“येणाऱ्या बायकांना सांगा, नेसलेल्या चंद्रकळेखेरीज पेटीतली जुनी चंद्रकळा पण घेऊन या.”

इंदूबाईंना उमजायला घटकाभर लागली. मग त्या पदर तोंडाला लावून हसल्या. वर्षातून त्या एका दिवशी सवाष्णी काळं लुगडं, चंद्रकळा, नेसतात. त्या दिवशी काळ्याला अशुभ म्हणायची कुणाची छाती आहे?

संक्रांतीच्या दुपारी सत्यभामेनं दोऱ्या बांधल्या आणि तिन्ही भिंतींवरून चंद्रकळा सोडल्या. अकरा लुगडी झाली. छताला जाजम ताणलं. चादरीच्या अगदी शेजारची वावभर, दोन्ही हात पसरले की भरेल एवढी जागा उरली आणि तीच सगळ्यात मोक्याची. ती आत गेली. पेटीच्या तळाशी, कडुलिंबाच्या सुक्या पाल्यात, तिची स्वतःची चंद्रकळा होती. विधवेनं ती नेसायची नसते. टांगू नये, असं मात्र कुणी सांगितलं नव्हतं. तिनं ती चादरीला खेटून टांगली.

आलेल्या बायकांतली एक, वसुधाबाई, हळूच म्हणाली, “ही तुमची काय हो?”

“माझीच.”

दिवस मावळला. तिळगूळ वाटून झाला आणि बायका काळ्या लुगड्यांत काळ्या भिंतींना टेकून बसल्या. बापूसाहेब फिरून आले आणि दारातच खिळले. तोंड उघडलं, पण पंचवीस परक्या बायकांपुढे काय बोलणार? ते तिथंच दाराला टेकून उभे राहिले. सत्यभामेनं कंदील लावला.

भेडाघाटचं पाणी शाईसारखं पडलं आणि खडक त्यातून उठले. कुणीतरी पाय मागे ओढून घेतले. दुसरी काच, तिसरी. चौथी तिनं मुद्दाम ठेवली होती. तुळशीच्या लग्नाला या काचेतून नुसता एक पांढरा चेहरा दिसला होता. आज स्वयंपाकघराचा उंबरा दिसला, त्यावर बसलेली बाई दिसली, तिच्या काळ्या लुगड्याची चूण नि चूण दिसली. मांडीवरची वाकडी करंगळी दिसली. सावलीतले डोळे थेट दाराकडे बघत होते. ती शरच्चंद्राची आई होती, म्हणजे बापूसाहेबांचीही. तिचं दुसरं चित्र जगात नव्हतं.

सत्यभामेनं काच काढून घेतली.

दारातून घोगरा आवाज आला. “इंदू, तिला सांग... आई पुन्हा एकदा दाखव म्हणावं. आणि सुताराला मी नको म्हणून कळवतो.”

इंदूबाई वळल्या, पण त्यांनी तोंड उघडण्याआधी सत्यभामा कंदिलामागून पुढे आली. पदर डोक्यावर होता, नजर खाली नव्हती. अठरा वर्षांत पहिल्यांदा ती त्यांच्याशी बोलली.

“दाखवते. पण आधी या सगळ्यांसमोर म्हणा, की त्यांचं काम फिकं नव्हतं.”

बापूसाहेबांनी भिंतींकडे पाहिलं, मग रिकाम्या चादरीकडे.

“नव्हतं,” ते म्हणाले. मग बायकांकडे वळून म्हणाले, “फिकं नव्हतं शरदचं काम. माझ्या भिंतींनी खाल्लं ते.”

“आणि सुतार येऊ द्या,” ती म्हणाली. “मला तिन्ही भिंतींना खुंट्या ठोकून घ्यायच्या आहेत.”

मग तिनं काच परत घातली.

दुसऱ्या दिवशी किंक्रांत, म्हणून सुतार तिसऱ्या दिवशी आला आणि चुन्याचे टवके उडवत त्यानं खुंट्या ठोकल्या. बापूसाहेब ओसरीवर पाठ करून बसून राहिले. दुसऱ्यांच्या चंद्रकळा घड्या घालून घरोघरी परत गेल्या. स्वतःची तिनं पेटीत ठेवली नाही. ती पहिल्या खुंटीवर टांगली आणि दिवाणखान्यात येणाऱ्याला ती दिसत राहिली.