ठिगळाचा सदरा

कोऱ्या कापडाच्या खळीचा वास आला की नागपूरच्या दवाखान्यातलं भांडार आठवतं; मी तिथं कारकून होतो. माझा धाकटा भाऊ वारून महिनाच झाला होता. रुग्णांच्या सदऱ्यांची निविदा निघायची होती. माप, कापड, शिवण सविस्तर लिहायला मन लागेना, म्हणून मी त्याचाच सदरा नमुना म्हणून जोडला आणि टाइप केलं, ‘तंतोतंत नमुन्याप्रमाणे’. उन्हाळ्यात गठ्ठे आले. प्रत्येक सदऱ्याच्या पाठीवर आईनं लावलेलं ठिगळ होतं, तिच्याच वाकड्या टाक्यांचं. “परत पाठवायचे?” मी विचारलं. “काहून गा?” भांडारपाल हसले. “तूच तं लिहून देलं. ठेकेदारानं ठिगळबी सोडलं नाही.” दुपारी वॉर्डात गेलो, तर खाटेखाटेवर भाऊ पाठमोरा बसलेला. ओठांवर आलेली हाक मी गिळली. कुणी ओ दिली असती तर, ही भीती म्हातारपणीही जात नाही.