खिळेमामांनी छाती वाळवायला घेतली

खिळेमामा सोफ्याला कापड ठोकत असतील तेव्हा त्यांच्याशी बोलायला जाऊ नये. बारीक खिळे ओठांत धरायचे, जिभेने एकेक पुढे सरकवायचा आणि हातोडीच्या एका टोल्यात बसवायचा, ही त्यांची पद्धत. तेवढा वेळ जगातल्या सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर: "हूं." मामी म्हणतात, "लग्नाला होकारसुद्धा असाच दिला असणार यांनी."

त्या थंडीत मात्र खोकल्याने असं पछाडलं, की खिळे तोंडात धरायची चोरी झाली. एकदा ढास लागली आणि तोंडातले सगळे खिळे गिऱ्हाईक बाईंच्या उघड्या पर्समध्ये. छाती तर अशी घरघरायची, की आम्हा शेजाऱ्यांना भिंतीला कान लावायची गरजच उरली नाही. (लावतं कोण म्हणा!)

"अहो, डॉक्टरकडे चला."

"थंडी आहे गं. थंडीबरोबर जाईल."

"कोण जाईल? खोकला की तुम्ही?"

मामांना खोकल्याचं काही वाटत नव्हतं. धास्ती होती ती डॉक्टर काय म्हणतील याची. जुना सोफा फाडला, की आतल्या काथ्याकापसाची धूळ ढगासारखी उठते आणि ती आपण आयुष्यभर नाकाने ओढली आहे, हे त्यांना कळत होतं. "हे काम सोडा," एवढं कोणी म्हटलं की संपलं. पाहुणा म्हणून गेला तरी यजमानांची खुर्ची उलटी करून बघणारा हा माणूस, रिकाम्या हातांनी घरी बसून करणार काय?

शेवटी मामींनी योगाच्या वर्गातून एक मुद्रा आणली. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफायची, डावा अंगठा ताठ उभा करायचा आणि उजव्या अंगठ्याने नि तर्जनीने त्याला वेढा घालायचा. लिंगमुद्रा. शरीरात ऊब येते, कफ सुटायला मदत होते असं मानतात. "आणि बाईंनी सांगितलंय, थोडाच वेळ करायची नि वर भरपूर पाणी प्यायचं," मामी म्हणाल्या.

मामांना ऊब तेवढी पटली. पाणी नाही. ओल लागलेला सोफा त्यांनी उभ्या जन्मात पाणी घालून दुरुस्त केला नव्हता! भरण दमट झालं, की ते उन्हात टाकून खडखडीत वाळवायचं. छातीत ओल धरलीय, तर छातीही वाळवायची. सरळ हिशेब. त्यांनी पाणी जवळजवळ तोडलं आणि दुकानातच, फाडलेल्या गाद्यांच्या ढिगात, अंगठा उभा करून बसू लागले. चहाही नको म्हणाले, तेव्हाच मामींना संशय यायला हवा होता.

कफ सुटला नाही, उलट डिंकासारखा घट्ट बसला. एका सकाळी जिना चढताना मामा मधेच कठड्याला धरून थांबले, दम इतका लागला की बोलताही येईना. मामींनी विचारणं सोडलं, दंड धरला आणि थेट दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाई तरुण. छाती तपासली, फोटो काढायला लावला, आणि पाण्याची हकिकत ऐकून कपाळाला हात लावला.

"काका, छाती म्हणजे सोफा नाही हो! आत धूळ गेली, की शरीर ती कफात धरून बाहेर ढकलतं. कफ पातळ असेल तरच तो वर येणार. तुम्ही तर त्याला वाळवून चिकटवलात."

"आणि मुद्रा?"

"खुशाल करा. शांत बसता, सावकाश श्वास घेता, चांगलंच आहे. पण ती औषधाच्या जागी नाही. हा श्वासाचा पंप घ्यायचा, कोमट पाणी प्यायचं, आणि पुन्हा असा दम लागला तर अंगठा दाखवत बसायचं नाही, इकडे यायचं."

मामांनी खाली बघत विचारलं, "काम... सोडावं लागेल?"

डॉक्टरीणबाईंनी फोटो पुन्हा उजेडात धरला. मामींनी तेवढ्यात नवऱ्याची बाही घट्ट पकडली. कोणाला धीर द्यायला, कोण जाणे.

"नाही. पण असं नाही करायचं. फाडाफाडी बाहेर मोकळ्यावर, नाकातोंडाला चांगला मास्क. आणि खिळे वाटीत ठेवा हो, तोंडात नाही! काही दिवस पूर्ण विश्रांती, मग सुरू करा."

"दुकान बंद नाही ना?"

"नाही म्हटलं ना, काका."

मामा एवढे खूश झाले, की उठताना तपासणीच्या टेबलाचं फाटलेलं रेक्झिन चाचपून म्हणाले, "हे मी करून देतो."

आता दुकानामागच्या मोकळ्या जागेत सोफे उघडले जातात. मामी तांब्या घेऊन पहाऱ्याला, घोट गळ्याखाली उतरेपर्यंत हलत नाहीत. परवा दुपारी मामा तिथेच एका नव्याने भरलेल्या खुर्चीत मुद्रा करून बसले आणि बसल्या बसल्या झोपले. बोटं तशीच गुंफलेली, श्वास संथ, घरघर नाही.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक मोडकं स्टूल घेऊन आलं. "मामा आज सुट्टीवर का?"

मामींनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला. स्टूल ठेवून जा. कामावरच आहेत ते, जरा टेकलेत फक्त."